जीभवाल्या सरांची मागणी

मेंदूतून जिभेवर शब्द कसा येतो, हे जगात कुणाला कळलं असेल तर ते आपल्यालाच, अशी जीभवाल्या सरांची ठाम समजूत होती! इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा. बावीस वर्षं त्यांनी लोकांना बोलायला लावलं आणि त्यांच्या मेंदूची चित्रं काढली. आणि स्वतः? शेजारच्या खोलीत कान तपासणाऱ्या कानवाल्या बाई समोर आल्या, की सरांची बोबडी वळायची! बाईंनी विचारावं, "आज उकडतंय, नाही?" सर "ह... ह... ह..." करत राहायचे आणि बाई बिचाऱ्या कामाला लागायच्या.

आणखी बावीस वर्षंही अशीच गेली असती. पण सोमवारपासून बाई दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात रुजू होणार होत्या. आज शनिवार. आज विचारलं नाही तर संपलंच!

"विचारून टाक ना रे एकदाचं!" ताई फोनवर करवादली. "दोन वाक्यं तर बोलायचीत!"

"ताई, तुला त्यातलं शास्त्र कळायचं नाही. मेंदू जिभेला हुकूम सोडतो आणि ती काय बोलतेय ते कान लावून ऐकतो. जरा चुकलं की दुरुस्तीला धावतो. माझा मेंदू बाईंसमोर नको इतक्या दुरुस्त्या करतो, म्हणून मी अडखळतो. त्याला ऐकूच दिलं नाही की झालं! बघच तू!"

बेत फक्कड होता. प्रयोगशाळेतले जाडजूड हेडफोन कानांवर चढवायचे, त्यात मोठ्ठी खरखर सोडायची. शिवाय बाईंचा चेहरा दिसला की सगळं विसरायला होतं, म्हणून डोळे घट्ट मिटायचे.

दुपारी सर बाईंच्या दारात उभे राहिले, डोळे मिटले, खरखर सुरू केली आणि तोंड उघडलं. काय आश्चर्य! शब्द घडाघडा सुटले!

"बाई, तुम्ही मला फार आवडता. माझ्याशी लग्न कराल?"

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही. कानांत गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. यावर त्यांनी स्वतःच चाळीस पानी निबंध लिहिला होता! सरांची मागणी तळमजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीपर्यंत स्पष्ट पोचली.

सर थांबले. कानांत नुसती खरखर. नको म्हणतायत की काय?

"भांडी मी घासेन! दोन्ही वेळची!"

खरखर.

"तुमच्या आईसुद्धा आपल्याकडेच राहतील! मी घोरतो, पण मी बाहेरच्या खोलीत झोपेन!"

एव्हाना व्हरांडा माणसांनी भरला होता. आतल्या बंद काचेच्या खोलीत एका आजोबांची तपासणी चालली होती. तेही बाहेर आले. "काहीच ऐकू येत नाही म्हणून मला इथे आणलंय," ते म्हणाले, "पण यांचं सगळं ऐकू आलं हो!"

सर मात्र घामाघूम. आता जीव तोडून शेवटचं!

"मी तुमच्याबरोबर त्या शहरात येईन! ही प्रयोगशाळा गेली चुलीत! विभागप्रमुख गेले खड्ड्यात!"

यावर गर्दीत उभे असलेले विभागप्रमुख पुढे आले आणि त्यांनी सरांच्या कानांवरचे हेडफोन उचलले.

सरांनी डोळे उघडले. समोर तीसेक माणसं. मध्ये टेबलाशी बाई, हसून हसून लालबुंद झालेल्या, हातात पेन.

"अ... अ... अ..." सर म्हणाले.

"अहो, लग्नाचं विचारलंत तेव्हाच हो म्हटलं होतं मी!" बाई म्हणाल्या. "पण तुम्ही थांबेचनात. म्हटलं, इतक्या वर्षांनी बोलताहेत, तर लिहून घ्यावं."

त्यांनी कागद पुढे केला. "ही घ्या तुमची कलमं. इथे खाली सही करा. साक्षीदार म्हणून विभागप्रमुख करतील."