त्रेचाळीस दिवसांचा ऋतू

इमारतीचा छज्जा केव्हाही पडू शकतो. त्याची दुरुस्ती मात्र योग्य वेळीच करावी लागते. निसर्गाला शिस्त नसते, समितीला असते. आमच्या इमारतीची बाहेरून दुरुस्ती करायचं ठरून नऊ वर्षं झाली आणि अजून एकाही विटेला कोणी हात लावलेला नाही, यावरून आमच्या शिस्तीची कल्पना यावी. मी या समितीचा चिटणीस आहे. जे सांगतो ते इतिवृत्ताला धरून.

इमारत चार मजली, विटांची, चुन्यात बांधलेली, वय वर्षं चौऱ्याऐंशी. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर आहेत. (त्यांनी चार पूल बांधले. दोन अजून उभे आहेत.) रस्त्याच्या बाजूला, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखालून एक लांब छज्जा गेला आहे आणि बरोबर त्याच्याखाली शिंप्याचं दुकान होतं. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. आत अंधार, सुईत दोरा ओवायला उजेड हवा, म्हणून मास्तर शिलाई मशीन उंबऱ्याबाहेर मांडून बसत. छज्जा जिथे भिंतीतून निघतो तिथे एक भेग होती. नऊ वर्षांपूर्वी ती केसाएवढी होती. यंदा तिच्यात करंगळी जायची. (मास्तरांची. माझी जरा जाड आहे.)

सुरुवातीलाच एका जुन्या गवंड्याला बोलावण्यात आलं. त्याने भिंतीवर हातोडीने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "साहेब, पाऊस संपला की भिंत पंधरा दिवस वाळू द्या. मग कडाक्याची थंडी पडायच्या आत उरकून टाका. उन्हाळ्यात गिलावा करपतो, थंडीत धरत नाही."

समितीने हे मत शब्दशः स्वीकारलं. गेल्या वीस वर्षांच्या हवामानाचा अभ्यास करून अध्यक्षांनी हिशेब काढला की भिंत कोरडी होण्यापासून थंडी पडेपर्यंत वर्षात सरासरी त्रेचाळीस दिवस मिळतात. ही झाली योग्य वेळ. आता नियमांप्रमाणे सभेच्या सूचनेला चौदा दिवस, सभेला एक, निविदा मागवायला एकवीस, उघडायला एक, हरकतींना सात. एकूण चव्वेचाळीस. हे सगळं पावसातच उरकावं, असं कोणीतरी सुचवलं होतं. पण ओल्या भिंतीवर चर्चा केली तर निर्णय पोकळ निघतो, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं.

त्यामुळे दरवर्षी योग्य वेळ संपते आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला परवानगी मिळते. एकदा कोणीतरी हरकतींचा एक दिवस कमी करा म्हणालं. सूचना उत्तम होती. नियम बदलायला किती दिवस लागतात ते पाहिलं. चव्वेचाळीस. आज आमच्या कपाटात रीतसर मिळालेल्या आठ परवानग्या आहेत. शेजारच्या इमारतीकडे एकही नाही. (त्यांनी सरळ दुरुस्ती करून टाकली.)

दरम्यान मास्तर अर्ज करत होते. त्यांचे सातही अर्ज एकाच मजकुराचे: "छज्जा माझ्या डोक्यावर आहे. कधी दुरुस्त करणार ते कळावे." आमचं उत्तर पहिल्या वर्षी "लवकरच" असं होतं. तो शब्द मोघम वाटल्यामुळे पुढे "योग्य वेळी" असा करण्यात आला.

"अहो, त्या माणसाला मशीन आत घ्यायला तरी सांगा," आमची सौ. म्हणाली.

सांगितलं. मास्तर म्हणाले, "आत घेतलं तर दिसत नाही. दिसलं नाही तर बोट शिवून घेईन. भिंत पडायची ती पडेल, साहेब, पण बोट तर आजच जाईल."

तरी समिती स्वस्थ बसली नव्हती, हे नमूद केलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी गवंड्याला पुन्हा बोलावलं. त्याने भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली. "काच तडकली तर समजा, भिंत हलतेय. मग मात्र ऋतू बघू नका. सरळ मला बोलवा."

अकराव्या दिवशी तिन्ही काचा तडकल्या.

समितीने तातडीची बैठक घेतली. काचा इतक्या कमी दिवसांत तडकतात म्हणजे माल निकृष्ट, यावर सर्वांचं एकमत झालं. काचवाल्याला कडक पत्र गेलं. दुप्पट जाडीच्या काचा लावल्या. त्या सोळा दिवस टिकल्या, म्हणजे परिस्थितीत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास सुधारणा झाली. शेवटी अध्यक्षांचे मेहुणे मदतीला धावून आले. त्यांचा प्लॅस्टिकचा कारखाना आहे. त्यांनी तीन लवचिक पट्ट्या आणून दिल्या. त्या आजतागायत तडकलेल्या नाहीत. वार्षिक अहवालात आम्ही लिहिलं: "समितीच्या अथक प्रयत्नांनी भिंतीची हालचाल पूर्णपणे थांबली आहे." टाळ्या पडल्या.

मास्तरांनी मान वर करून पट्टीकडे पाहिलं. "ही ताणली गेलीय, साहेब. आमच्याकडे इलास्टिक असं दिसायला लागलं की आम्ही पँट परत मागवतो."

मी हसलो. माणूस विनोदी होता.

यंदा पाऊस वेळेवर थांबला. भिंत खडखडीत वाळली. हवा अशी, की गवंड्याने स्वप्नात मागावी. योग्य वेळेचा तो एकोणतिसावा दिवस होता. निविदा मागवून झाल्या होत्या, यायच्या होत्या. सकाळी अकरा वाजता मास्तर माझ्या दारात आठवा अर्ज घेऊन उभे राहिले. जिने चढून धाप लागली होती.

"बसा," मी म्हणालो.

"बसत नाही. मशीनवर काम टाकून आलोय. पोच तेवढी द्या."

मी शिक्का शोधत होतो. (शिक्का डाव्या खणात असतो, त्या दिवशी उजव्यात होता.) तो सापडला, मी तो शाईवर टेकवला आणि खालून आवाज आला. आधी एक दणका, मग विटा घरंगळल्याचा खडखडाट, मग काहीच नाही. शिक्का मी अर्जाऐवजी टेबलावरच उठवला. ते अहवालात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

आम्ही दोघं गॅलरीत गेलो. छज्ज्याचा तीन हातांचा तुकडा खाली पडला होता. मशीन त्याच्याखाली होतं. स्टूलही.

मास्तरांनी स्टुलाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "मशीनवर तुमचीच पँट होती, साहेब." आणि पोच न घेता खाली गेले.

चौकशी अहवाल मीच लिहिला. निष्कर्ष असे: घटना योग्य वेळेतच घडली. जीवितहानी टळली, याचं संपूर्ण श्रेय अर्ज समक्ष आणून देण्याच्या व शिक्क्यानिशी पोच घेण्याच्या आमच्या पद्धतीला जातं. ऑनलाइन अर्जाची मागणी त्यामुळे कायमची फेटाळण्यात आली. प्लॅस्टिकच्या तिन्ही पट्ट्या ढिगाऱ्यात अखंड मिळाल्या. त्या कपाटात परवानग्यांशेजारी ठेवल्या आहेत. धोकादायक भाग आपोआप निघाल्यामुळे दुरुस्तीची निकड उरलेली नाही.

मास्तरांनी दुसरीकडे दुकान घेतलं. घेताना म्हणे त्यांनी जागेत पाऊल टाकण्याआधी पाच मिनिटं नुसती मान वर करून पाहिलं. नवं मशीन त्यांनी दाराबाहेरच मांडलंय. माझी पँट शिवायला मात्र नकार दिला. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तुम्ही हसत असाल. हसा. फक्त एक सांगा. तुमच्या बाहेरच्या खोलीत ते कॅलेंडर टांगलंय, तिथे भिंतीला खिळा कशासाठी मारला होता? त्याच्यामागे काय आहे, ते तुम्हाला माहीत आहे. दर जानेवारीला जुनं कॅलेंडर काढून नवं लावेपर्यंत तेवढं अर्धं मिनिट तुम्ही ते बघता, आणि जानेवारीत थंडी असते, गिलावा धरत नाही.

आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज समक्ष आणावा.