राखाडी पडद्यावरची लाली

माझ्या पंधराव्या वाढदिवसाची फिल्म पाहून अख्खं पुएब्ला शहर तोंडात बोटं घालणार होतं. निदान आमच्या वर्गातली पेर्ला तरी. आमच्याकडे मेक्सिकोत मुलगी पंधराची झाली की चर्चमध्ये प्रार्थना, मग नाच, असा लग्नासारखा थाट असतो. तिचा सोहळा तिच्या काकाने फोनवर टिपला होता आणि त्यात निम्मा वेळ काकाचा अंगठाच नाचतो. माझ्याकडे बेतो होता.

बेतो माझा मावसभाऊ. सिनेमाच्या कॉलेजात दोन सत्रं काढून आलेला. दोन सत्रांत माणूस किती असह्य होऊ शकतो याचा चालताबोलता पुरावा. कॉलेजचा कॅमेरा त्याने तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून आणला.

"मी व्हिडिओ घेत नाही," तो म्हणाला. "कॉम्प्रेस्ड रॉ घेतो."

"म्हणजे?"

"कॅमेऱ्याला जे दिसलं ते कच्चंच ठेवायचं, फक्त दाबून बसवायचं. नाहीतर चर्चमधल्या प्रार्थनेतच कार्ड भरेल. रंग मागाहून हवा तसा चढवायचा. काही म्हणजे काही हरवत नाही. जाऊ दे, तुला नाही कळायचं."

दाबून बसवणं मला कळतं. आई बॅगेवर बसते तेव्हा चेन मीच ओढते.

पण चर्चच्या दारात मी त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावले. माझा फ्लेमिंगोसारखा गुलाबी झगा भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचा! आणि मी उकडलेला बटाटा.

"बेतो, मी राखाडी दिसतेय."

"रॉ असाच दिसतो. पडद्यापुरते रंग दाखवायची सोय असते, ती मी बंद केलीय. नवशिक्यांसाठी असते ती."

असल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मी थेट त्याच्या आईला, चाबेला मावशीला गाठलं. तिचं पार्लर आहे आणि पर्समध्ये त्याची शाखा. तिने पडदा बघून छातीवर क्रूस काढला.

"अगं, तू तर गेलेली दिसतेस."

तिने लाली लावली. पडद्यावर फरक नाही. आणखी एक थर. तरी राखाडीच. मग माझ्याबरोबर वॉल्ट्झ नाचणारी मुलं रांगेत उभी केली. मग पापा.

"चाबेला, पुरे. लोक हसतायत."

"लोकांकडे काय बघता भाऊजी, पडद्याकडे बघा."

शेवटी पाद्रीबाबाच हळूच म्हणाले, "माझंही जरा बघतेस का?"

बेतो मात्र उजेडाचे आलेख बघण्यात गुंग. त्याला तर सगळं जगच राखाडी.

मग तो क्षण आला, ज्यासाठी मी वर्षभर थांबले होते. पापांनी गुडघ्यावर बसून माझे सपाट बूट काढले आणि आयुष्यातले पहिले उंच टाचांचे बूट घातले. पापा रडले. मीही रडले. दोघांची लाली टपटप पांढऱ्या बुटांवर पडली. पडद्यावर ते शुद्ध अश्रू होते.

दुसऱ्या दिवशी मोलेचं उरलेलं तिखट कालवण खायला सगळे पुन्हा आमच्या घरी. पेर्लासुद्धा, न बोलावता. बेतोने भिंतीवर चादर लावली. "रंग चढवलेत," तो म्हणाला आणि फिल्म सुरू केली.

झगा सुरेख गुलाबी होता. मी टोमॅटो होते. नाचणारी मुलं आमच्याकडच्या कुस्तीगिरांचे लाल मुखवटे घालून आल्यासारखी. पाद्रीबाबा म्हणजे कापलेलं कलिंगड. आणि बुटांच्या प्रसंगात पापा माझ्या पायावर शस्त्रक्रिया करत होते. पेर्ला इतकी हसली की तिच्या नाकातून मोले आलं.

"कमी कर ना," मी बेतोवर ओरडले. "तूच म्हणालास, रंग हवा तसा चढवता येतो."

"रंग चढवता येतो. लाली पुसता येत नाही. ती खरंच तिथे होती, आणि रॉमध्ये काही हरवत नाही."

"मग नुसते गाल फिके कर."

बेतोने पहिल्यांदाच मान खाली घातली. "नुसते गाल तिसऱ्या सत्रात शिकवतात."

मग तो सगळाच रंग उतरवत बसला. माझे गाल माणसाचे होईपर्यंत फुलं गेली, केक गेला, झगा गेला. फिल्म पुन्हा भांडी विसळलेल्या पाण्यात येऊन थांबली. पण बुटांचा प्रसंग आला तेव्हा या खेपेला कुणी हसलं नाही. पापांनी रुमाल काढला.

पेर्लाने नाक पुसत विचारलं, "हे बिनरंगी मुद्दाम केलंय?"

"अर्थात," मी म्हणाले. "जाऊ दे, तुला नाही कळायचं."