तबिथाबाईंनी दान घेतले त्या सालची हकीकत

देवपित्यास नमन, पुत्रास नमन, पवित्र आत्म्यास नमन करोन, भाकर देणारे आणि भाकर खाणारे अवघे सुखरूप असोत ऐसे मागोन, हे वर्तमान लिहिले जाते. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सर, इसवी सन दोन हजार एकोणीस, ते समयी डोंगराच्या पायथ्याशी नदीकाठी एक लहानसे राज्य नांदत होते. राज्यास किल्ला नाही, तोफ नाही. मेथडिस्ट पंथाचे एक कौलारू उपासनामंदिर, त्यावर एक घंटा, आणि भोवती मंडळीची घरे, इतकाच मुलूख. गादीवर पाळक अनुग्रह वाघचौरे, वयाने तरुण, वाणीने मऊ. खजिन्यावर नथानिएल केदारी, बाजारात भांड्यांचे दुकान, आवाज ऐसा की प्रार्थना करू लागले म्हणजे रस्त्यावरचे लोक थांबत. परंतु राज्य खरे चालविले ते तबिथाबाई अमोलिक यांनी. बाई मोठ्या दवाखान्यात मेट्रन होत्या, तेथून निवृत्त होऊन महिला मंडळाच्या अध्यक्षा जाहल्या, आणि मिशनफंडाचे काम हाती घेतले ते ऐसे घेतले की त्यांची कापडी पिशवी दुरून दिसली तरी लोकांचे हात आपसूक खिशाकडे जात. घरोघरच्या सुनांनी तांदूळ वैरण्याआधी मूठभर बाजूस काढावे, लग्न लागले तर वरपक्षाने पेटीत टाकावे, नाताळची गाणी गात फिरणाऱ्या पोरांनी मिळेल ते आणून द्यावे, आणि कार्तिकमासी उपकारस्तुतीचा सण येई तेव्हा मंडळीने दुध्या, कोंबडी, केक, लोणचे, जे असेल ते देवापुढे आणावे आणि अंगणात त्याचा लिलाव व्हावा, ऐसी वहिवाट बाईंनी घातली. कोणी कां-कूं केले तर बाई म्हणत, "तुमच्याकडे नाही असं नाही हो, तुमचं मन होत नाही एवढंच." मग मन होई.

हा सर्व फंड जात होता डोंगरावरील एका कातकरी पाड्यास. तेथे बाईंनी बालवाडी उभी केली, विहिरीस कठडा बांधविला, महिन्याकाठी स्वतः चढून जाऊन औषधपाणी पाहिले, आणि पाड्याचे लोक आपला वाघोबा पुजीत ते पुजोत, खोकल्याचे औषध सर्वांस सारखेच, ऐसे सक्त सांगितले. कपड्यांची गाठोडी वाटली म्हणजे पोरांस एका रांगेत उभे करोन छायाचित्र घेत, ते वार्षिक अहवालात छापले जाई, आणि अहवाल पाहून पंथाचे जिल्हा अधीक्षकसाहेब बहुत संतोष पावत. बाईंसही संतोष होई. देता येते याचा आनंद बाईंच्या अंगी इतका मुरला होता की तो आनंद आहे हेही त्यांस आठवत नसे.

ऐसे असता श्रावणमासी नदी चढली. पहाटे घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, दोन प्रहरी बाजारपेठ बुडाली, आणि सायंकाळी उपासनामंदिरात पाणी शिरून बाके तरंगू लागली, पेटीबाजा फुगून फुटला, आणि वेदीवरचे कापड दाराबाहेर वाहून गेले. केदारींची भांडी नदीने नेली, आणि तबिथाबाईंच्या घरात छातीइतका गाळ बसला. जीव कोणाचा गेला नाही, ही देवाची मोठी कृपा. मग पाणी उतरले आणि बाई पाळकसाहेबांच्या घरी वरच्या खोलीत राहू लागल्या, आणि अंगावरच्या लुगड्यावाचून दुसरे धड लुगडे राहिले नाही.

पुढे शहराकडून मदतीच्या गाड्या आल्या. लोक रांगेत उभे राहिले, आणि बाईही राहिल्या, कारण उपाय नव्हता. त्यांची पाळी आली तेव्हा एका भल्या पोराने हाती बिस्किटांचा पुडा आणि एक साडी ठेवली, आणि दुसऱ्याने मोबाईल वर धरिला. "आजी, इकडे बघा जरा. साडी थोडी वर धरा. हां, आणि हसा की!" बाईंनी साडी वर धरिली. हसूही आणू पाहिले. मग काय मनात आले कोण जाणे, साडी आणि पुडा तेथेच टेबलावर ठेवोन बाई निघाल्या, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करोन निजल्या. पाळकसाहेबांच्या घरच्यांनी पुसले, दुखते का, तर नाही म्हणाल्या. डोळ्यांपुढे मात्र पाड्यावरची पोरे उभी होती, रांगेत, नव्या कपड्यांची घडी छातीशी धरून. आणि त्यांस "हसा" म्हणणारा आवाज कोणाचा, ते बाईंस पक्के ठाऊक होते.

त्या दिवसापासून बाईंचा धीर खचला. श्रावण सरला, भाद्रपद सरला, बाई पाड्यावर गेल्या नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, लोक वाट बघत असतील." बाई म्हणाल्या, "रिकाम्या हातांनी कुठल्या तोंडानं जाऊ? काय देऊ तिथं?" "नुसतं भेटून या." "नुसतं भेटायला मी कधी गेले नाही," ऐसे बाई बोलल्या, आणि बोलल्यावर आपल्याच बोलण्याने दचकल्या. मग कार्तिक लागला आणि कमिटी बसली. बाईंनी आपण होऊन सांगितले की यंदा सण नको, लिलाव नको, मिशनफंडाच्या रकान्यात शून्य लिहावे. केदारींनी मान खाली घातली. पाळकसाहेब, जे एरवी बाईंपुढे शब्द काढीत नसत, ते म्हणाले, "लिलाव नसेल तर नसो. पण उपकारस्तुतीची उपासना मी घेणार. आपण सगळे जिवंत आहोत, बाई. त्याबद्दल तरी आभार मानायला नकोत का?" तेव्हा तसेच ठरले.

मग आदित्यवारी मंडळी जमली. बाकांच्या जागी सतरंज्या, भिंतींवर पाण्याची ओल, वेदीपुढे नेहमी ढीग असे तेथे कोणी आणलेली झेंडूची चार फुले. पहिले गीत चालले असता दाराशी गलबला जाहला. पाहतात तो डोंगरावरील पाडा खाली उतरलेला! बाया, बाप्ये, लेकरे, डोईवर ओझी. पुढे बुधी हिलम, पाड्यावरची वडील बाई, जिच्या हातून तेथील निम्मी लेकरे जन्मास आली, तिच्या काखेत एक तांबडा कोंबडा. नाचणीची पोती, वरी, उडीद, मध, हातभर लांब तवसे-काकडी, आणि वेळूच्या नव्या कोऱ्या टोपल्या, ऐसे सर्व आणोन त्यांनी पायरीवर उतरविले. गीत आपोआप थांबले.

तबिथाबाई उठोन बाहेर आल्या. पाहून गहिवरल्या, परंतु जुनी सवय जोरावर, म्हणाल्या, "बुधी, अगं हे काय! हे तुमचं वर्षाचं खाणं. परत न्या. तुमच्या तोंडचा घास आम्ही घ्यायचा नाही."

बुधी हसली नाही. कोंबडा खाली ठेविला, पदर सावरिला आणि म्हणाली, "बाय, येक इचारू? तू इतकी वर्सं आमच्याकडं येतेस. डबा तुजा तू आनतेस. पान्याची बाटली बी तुजीच. आमी म्हनलं, आसंल, बाय मोठी हाये, आमच्या हातचं चालत नसंल. गप ऱ्हायलो. आता तुजं घर बुडालं म्हनून आमी आपल्या पायानं आलो, तर वझं परत ने म्हनतेस. मंग आमी तुजी कोन, ते तरी सांग."

हे शब्द ऐकताच बाईंस आपला डबा आठवला. गरिबाचे कमी होऊ नये, इतक्याच विचाराने आपण डबा नेत आलो. त्यांनी तो विटाळ समजावा, हे त्यांच्या स्वप्नीही नव्हते. बाईंच्या आजीस गावच्या विहिरीवर दोर धरू देत नसत, वरून ओंजळीत पाणी ओतीत, ती गोष्ट बाईंनी किती सभांत डोळे भरून सांगितली होती! आणि तीच बाई डोंगर चढून गेली आणि ज्या विहिरीस आपण कठडा बांधिला तिचे पाणी प्याली नाही. बाईंस वाटले, काही बोलावे, उलगडून सांगावे. मग वाटले, बोलणे पुष्कळ जाहले. मग त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बुधी, वाटेसाठी भाकरी आणली असशील ना? मला भूक लागलीय."

बुधीने फडके सोडिले. नाचणीची भाकर, वर मिरचीचा ठेचा, कोपऱ्यात सुकट. बाईंनी सर्व मंडळीदेखत ती भाकर खाल्ली, आणि दुसरी मागोन घेतली, आणि पाड्याच्या सुक्या पोकळ भोपळ्यातले पाणी प्याल्या. ठेचा फार तिखट म्हणोन डोळ्यांस पाणी आले, ऐसे बाईंनी सांगितले, आणि कोणी ते खोटे पाडिले नाही. बुधी शेजारी बसोन म्हणाली, "हळू खा, बाय. पळून न्हाय जात." तेव्हा बाई हसल्या. पुराच्या दिवसापासून प्रथमच हसल्या.

मग सर्व आत गेले आणि उपासना पुरी जाहली आणि वेदीपुढे ढीग लागला. तेव्हा केदारींस राहवेना. ते अंगणात स्टुलावर चढले, कोंबडा उचलला, आणि तोच जुना आवाज लावोन गर्जले, "तांबडा तुरेवाला! बोला मंडळी, काय देता?" बोलणार कोण? खिसे रिकामे. माणसे पायांकडे पाहू लागली. केदारींचा हात हळूहळू खाली येऊ लागला. इतक्यात तबिथाबाई बोलल्या, "केदारीभाऊ, पैसा माझ्याजवळ नाही. जखम बांधता येते, इंजेक्शन देता येतं, बाळंतपण करता येतं. नाताळापर्यंत मी पाड्यावर जाऊन राहते. तिथलंच खाईन. ही माझी बोली." मग केदारी ओरडले, "एक वार! दोन वार! कोंबडा बाईंचा!" बाईंनी कोंबडा घेतला, कुरवाळला, आणि वहिवाटीप्रमाणे पुन्हा देवास देऊन टाकिला, म्हणोन तो पुन्हा लिलावास निघाला. मग काय विचारता! गवंडी उठला, म्हणाला, मी कोणा विधवेची भिंत लिंपून देतो. शिंपीण उठली, म्हणाली, मशीन गाळातून काढून धुतले आहे, लेकरांचे कपडे मी शिवीन. शाळामास्तर उठले, वायरमन उठला, आणि ज्यांस काहीच येत नाही ऐसे म्हणणारे एक आजोबा होते ते म्हणाले, मी आजाऱ्यापाशी बसेन, मला बसता उत्तम येते. तवसे, मध, टोपल्या, सर्व हातांच्या मोलाने विकले गेले. केदारी घामाने न्हाले, परंतु चेहरा ऐसा की दुकान परत मिळाले असावे.

शेवटी बुधी उठली. तिने पुसले, "आमाला बी बोलता येतं का यात?" पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, आज तुमचाच मान." बुधी म्हणाली, "येताना खाली नदीच्या अंगाला बघितलं. इटाभट्टीवाल्यांची झोपडी येक ऱ्हायली न्हाय. लेकरं ताडपत्रीखाली. तुमी आमाला पोरांची साळा दिली, तसं आमी त्यास्नी काय देऊ? पैका न्हाय. पन कुडाच्या भिती बांधायला आमच्यापरीस कोन हाये? कारवी आमची, हात आमचे. तुमी निस्ता चिखलाचा गारा तुडवायला या." हे ऐकोन तबिथाबाईंनी पाड्याच्या नावाने बोली मान्य व्हावी ऐसे उभे राहोन सुचविले, आणि केदारींनी कोणाची वाट न पाहता तीन वार पुकारून टाकिले. मग अंगणातच प्रीतिभोजन जाहले. चुलीवर वरी शिजली, एका पंगतीस राज्य आणि पाडा सरमिसळ बसला, आणि वाढायला कोणी आणि जेवायला कोणी याची निवड राहिली नाही.

पुढे मार्गशीर्षात वीटभट्टीच्या वस्तीवर मोहीम निघाली. कारवीच्या काठ्या डोंगरावरून आल्या, गारा मंडळीच्या पायांनी तुडविला, पाळकसाहेब गुडघ्यापर्यंत माखले, आणि बुधी काठीने कूड ठोकून पाहत, पसंत नसेल तो निर्दयपणे पाडून पुन्हा बांधवीत असे. तबिथाबाई पाड्यावरून रोज उतरोन येत, लेकरांच्या पायांच्या जखमा धूत, आणि कोणी चहा पुढे केला तर बसोन पीत. नवी घरे उभी राहिली. त्या वस्तीच्या बायांनी आतापासूनच सांगून ठेविले की पुढल्या सणास आम्हीही येऊ, भाजलेल्या मातीची मडकी घेऊन.

नाताळानंतर जिल्हा अधीक्षकसाहेब तपासणीस आले. सर्व फिरोन पाहिले, चकित जाहले, आणि पाळकसाहेबांच्या ओसरीवर बसोन पुसते जाहले, "अहवालात लिहायला हवं, म्हणून विचारतो. यंदा यात दान देणारे कोण, आणि घेणारे कोण?" पाळकसाहेबांनी तबिथाबाईंकडे पाहिले. बाईंनी हातातला चहा खाली ठेविला. मग म्हणाल्या, "साहेब, मी पुष्कळ वर्षं हे काम केलं. मला ते अगदी नीट सांगता यायचं. यंदा येत नाही." आणि ऐसे बोलताना त्यांच्या मुखावर जे समाधान होते, ते पाहोन साहेबांनी लेखणी खिशात ठेविली.

सारांश, राज्य बुडाले आणि बुडाल्याने वाढले. त्याची हद्द नदीपासून डोंगरापर्यंत गेली. तबिथाबाई सुखरूप आहेत, पाडा सुखरूप आहे, तुरेवाला कोंबडा अद्याप कोणी कापिला नाही. ज्या देवाने द्यावयास शिकविले आणि मग मोठ्या दयेने घ्यावयासही शिकविले, त्याचे उपकार मानोन लेखन समाप्त केले. वाचणाऱ्याच्या चुलीवर आज अन्न असो, आणि पंगतीस कोणी तरी असो.