बाईंच्या कॉम्प्युटरला डिस्प्ले येईना

आमच्या शिरड शहापुरात बाया अंबाड्यात आकडा खोचतात, गजरा माळतात. कौसल्याबाई पेचकस खोचतात. लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर, चांगला वीतभर. लग्नाला जाताना पैठणी नेसतील, नथ घालतील, पण पेचकस जागेवरच. कुणी फिदीफिदी हसलं तर म्हणतात, "काहून हसून राहिलीस गं? तुझा आकडा नुसते केस धरतो, माझा अर्धं गाव धरतो."

बंद वस्तू दिसली की बाईंच्या हाताला खाज सुटते. "आत काय हाय ते बघू तर द्या!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा हिंगोलीहून एसटीनं येत होतो. खिडकीची काच खडखडत होती. बाईंनी औंढा यायच्या आत ती आवळून टाकली. ड्रायव्हर गमतीनं म्हणाला, "मावशी, इंजिनाचं बी बघता का?" बाई उठल्याच! कंडक्टरनं हात जोडून त्यांना परत बसवलं.

मी बालाजी. बाईंच्या घराला लागून माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा काढणं, फॉर्म भरणं, झेरॉक्स, असली कामं. चौथीत बाईंनीच मला शिकवलं, त्यामुळं मला दोन लेकरं झाली तरी माझा कान अजून त्यांच्याच मालकीचा आहे. मागं त्यांनी आमच्या घरचा मिक्सर दुरुस्त केला तेव्हा एक स्क्रू उरला. मी दाखवला, तर म्हणाल्या, "कंपनीनं जास्तीचा दिला व्हता." चूक बाईंकडून होत नाही. तसं त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं आहे. आयुष्यात त्यांनी एकदाही "चुकलं" म्हटल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

तर हा कॉम्प्युटर. तो सरांसाठी होता. सर म्हणजे बाईंचे मालक. दोघं एकाच शाळेत शिकवायचे, म्हणून घरातसुद्धा त्या त्यांना 'सर' म्हणतात आणि ते त्यांना 'बाई'. सरांना पत्त्यांचा भारी नाद. शाळा सुटली की पारावर डाव मांडलेलाच. पण मागच्या वर्षी त्यांच्या अंगावरून अर्धांगाचा वारा गेला. पाय सावरले, उजवा हात मात्र थरथर कापायला लागला. एकदा भर डावात सगळी पानं खाली सांडली. कुणी तरी हसलं, वाईट मनानं नाही, पण हसलं. सर उठले ते परत पारावर गेलेच नाहीत. दिवसभर बाजेवर बसायचे आणि भिंतीकडं बघत राहायचे. मला तर तिकडं बघवत नसे.

बाईंनी चार दिवस हे बघितलं आणि पाचव्या दिवशी त्या हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून दोन मेलेले कॉम्प्युटर घेऊन आल्या. "पानं धरवत न्हाईत ना? मग कॉम्प्युटरवर खेळा म्हणावं. तिथं बोट दाबलं की पान हलतं."

मी म्हटलं, "बाई, मी जोडून देतो की."

"तू फॉर्म भर."

विषय संपला. दोन डबे उकलून बाईंनी त्यांचा एक केला. बाईंचा एक नेम आहे. कुठलंही यंत्र जोडलं की शेवटचा तुकडा बसवायच्या आधी त्याची पूजा करायची, आणि ती सरांनी करायची. लग्नापासूनची वहिवाट. इथं शेवटचा तुकडा म्हणजे रॅम, बोटभर लांबीची हिरवी पट्टी. ती खाचेत दाबून बसवावी लागते. बाईंनी हाक मारली की सर बाजेवरून उठायचे, उघड्या डब्याला हळदकुंकू लावायचे, पिवळ्या अक्षता वाहायचे, डोळे मिटून नमस्कार करायचे. मग बाई रॅम बसवायच्या आणि बटन दाबायच्या.

पहिल्या खेपेला पंखा फिरला. लाईट लागला. स्क्रीन काळीठिक्कर.

"येतंय, दम धरा," बाई म्हणाल्या. आम्ही दम धरला. चहा झाला. काही येईना. सर परत बाजेवर जाऊन बसले.

बाईंनी सगळं पुन्हा उकललं. अक्षता ब्रशनं झटकल्या, रॅम खोडरबरनं घासली, आतला गोल सेल नवा टाकला. जोडताना हजेरी घ्यायच्या. "पॉवर सप्लाय?" मी म्हणायचं, "हजर." "हार्ड डिस्क?" "हजर." एकदा मी मोबाइलमध्ये बघत होतो तर कान धरला माझा. मग सरांना हाक, पूजा, रॅम, बटन. पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळी!

गावाला करमणूकच मिळाली. हळद शिजवून येणारी माणसं फाटकातून ओरडायची, "बाई, आला का डिस्प्ले?" कुणी म्हणे दृष्ट लागली. आमचे किसनमामा म्हणाले, "कंडेन्सर उडाला आसंल, आमच्या मोटारीचा उडतो बराबर आसाच." बाईंनी स्क्रीन माझ्या दुकानात लावून बघितली, ठणठणीत. वायर बदलली, तीही चांगली. बाई मात्र वैतागायच्या ऐवजी खुशीत दिसायच्या. "मस्त कोडं हाय रे बालाजी!" पण दर खेपेला सर परत बाजेकडं वळायचे तेव्हा त्यांचं हसणं बंद व्हायचं.

त्या रविवारी पुन्हा तेच झालं. सर अजून शेजारीच उभे होते. बाई म्हणाल्या, "ह्या खेपेला काहीच उकलायचं न्हाई. बालाजी, बॅटरी धर." त्यांनी वीज बंद केली, रॅम उपसली आणि मी खाचेत उजेड पाडला.

खाचेच्या तळाशी तांदळाची एक पिवळी कणी बसली होती.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरांचा कापरा हात! अक्षता थोड्याच डब्यावर पडायच्या, बाकीच्या आत उधळायच्या. कणीवर रॅम टेकायची आणि नीट बसायचीच नाही. आम्ही झाडून काढायचो, सर परत वाहायचे. मी हे जोरात सांगायला तोंड उघडलं आणि बाईंनी माझ्या पावलावर अशी टाच दिली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी पेचकसाच्या टोकानं कणी उचलली, तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली. गिळली! मग मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई! रॅम उलटी बसवली व्हती मी. चुकलं माझं."

रॅम उलटी बसतच नाही, तिच्या कडेला तशी चीरच पाडलेली असते. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. सरांनी चकित होऊन बायकोकडं बघितलं आणि कित्येक महिन्यांनी हसले. "बाई, तुमी चुकल्या?"

"व्हय, चुकले. लिहून देऊ का?"

रॅम बसली, बटन दाबलं आणि स्क्रीनवर निळा उजेड आला. फाटकाशी उभ्या किसनमामांनी टाळ्या वाजवल्या. सर खुर्चीत बसले. माउसवर हात कापत होता, पण पान काही सांडलं नाही.

आम्ही दोघं ओसरीवर आलो. मी पाऊल चोळत विचारलं, "बाई, खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? सरांनी हसण्यावारी नेलं असतं."

"न्हाई रे." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हात कापतो म्हणून त्यांनी पत्ते सोडले. कपबशी सोडली, पाव्हण्यांसमोर जेवणं सोडलं. पूजेच्या अक्षता तेवढ्या राहिल्या व्हत्या. कळलं आसतं, तर त्या बी सोडल्या आसत्या."

आतून सरांनी हाक मारली, "बाई, जरा या हो. बदामची राणी कुठं लावू?"

"येऊन राहिले," म्हणत बाई डोळे पुसत आत गेल्या.