धुतलेले ओट

दामिनी स्वयंपाकघरात आली आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओटचे पाकीट रिकामे पडले होते आणि सासूबाई, हिराबाई, चाळणीतून पाणी निथळवत उभ्या होत्या.

"आत्या, हे काय केलंत?"

"धुतलं गो. किती पिठूळ पाणी निघालं!"

"पोहे आहेत का ते? ओट कुणी धुतं का?"

"दुकानातला दाणा न धुता पोटात घालायचा? आमच्या शेणवे गावात नाय चालत तसं."

हे पाकीट तिच्या नवऱ्याने, धनेशने, मुद्दाम कल्याणहून आणले होते. दामिनीचे वडील बोटीवर स्वयंपाकी. त्यांच्यामुळे माहेरी दर दिवाळीला ओट-खोबऱ्याची बिस्किटे होत. आज भाऊबीजेला भावाबरोबर आईही पहिल्यांदाच इथे येणार होती. लग्न ठरताना ती म्हणाली होती, "चुलीपुढे बसलीस की सगळं विसरशील." त्याचे उत्तर आज बशीत वाढायचे होते. आणि चाळणीत बघावे तर लापशी!

दामिनीने दात-ओठ खात त्यात खोबरे, गूळ, तूप कालवले. सैल झाले म्हणून कणीक घातली. चुलीवर पातेल्यात वाळू तापली होती, तिच्यावर बिस्किटांची ताटली ठेवली. पाहते तर बिस्किटे पसरून एकमेकांच्या गळ्यात पडलेली.

"जाळ कमी कर गो."

"तुम्ही आता एक अक्षर बोलू नका!" म्हणत तिने झाकण असे आदळले की ताटली कलंडली आणि बिस्किटे वाळूत लोळली.

"बघा, तुमच्यामुळे झालं!"

"झाकण मी आपटलं?"

सासरे देवजी यांनी एक तुकडा झटकून तोंडात टाकला. "चव बरी हाय. पण दाताखाली अख्खी भातसा नदी येते."

तेवढ्यात भावाची आणि आईची रिक्षा दारात थांबली. हिराबाईंनी उरलेले पीठ ओढले, केळीच्या पानांवर थापले आणि तव्यावर पानग्या टाकल्या. दामिनी त्यांच्याकडे बघेना.

आईने तोंडाला पदर लावून एक पानगी खाल्ली. मग दुसरी, मग तिसरी. दामिनीला राहवेना.

"बिस्किटं करणार होते गं! आत्यांनी ओट धुतले!"

"बरं केलं बाई. बिस्किट कसलं चावतेय मी? दसऱ्यालाच सगळे दात काढले. तू काळजी करशील म्हणून कळवलं नाही." मग बोळके उघडून हसत ती म्हणाली, "विहीणबाई, हात काय आहे तुमचा! दामिनी, ह्यातल्या डबाभर धाड मला."

 हिराबाई सुनेकडे बघून हसल्या. त्या हसण्याने दामिनीच्या मस्तकात पुन्हा तिडीक गेली.

पुढच्या आठवड्यात दामिनीच्या आईच्या डब्यासाठी धनेशने ओटचे नवे पाकीट आणले. सासूबाई शेतावर गेल्याचे बघून दामिनी गुपचूप परसात बसली. दोनदा पाणी ओतून झाले, तोच मागून आवाज आला.

"काय गो, शिकलेली ना तू? ओट कुणी धुतं का?"

दामिनीने वर न बघता तिसरा तांब्या ओतला, रागाने.