तात्यांची भिंत

आमच्या गल्लीतले तात्या जेवताना भिंतीशी भांडतात. "आमटीत मीठ न्हाय वाटतं आज?" असं ओरडतात, आणि भिंत उत्तर देते, "तुमच्या भातागत करपली तरी न्हाय!"

भिंतीपलीकडं त्यांची धाकटी बहीण असते, सुमाक्का.

तात्यांनी हयात घालवली कर सल्लागाराच्या ऑफिसात, लोकांचे आयकराचे फॉर्म भरण्यात. स्वतःही कर भरतात, आणि ते लग्नातसुद्धा सांगतात. प्रत्येक गोष्टीला एकच सवाल, "नियमात बसतंय न्हवं?" सरकारनं गरीब घरातल्या बायकांच्या खात्यावर दरमहा पैसे द्यायचं जाहीर केलं, तेव्हा अख्खी गल्ली त्यांच्या दारात. "तात्या, ह्याच्यावर कर बसतोय काय?" तात्या करवादायचे, "कर बसाय तुझं उत्पन्न तेवढं हाय कुठं? ज्या दिवशी बसंल, त्या दिवशी पेढे वाट!"

सुमाक्का नवरा वारल्यावर गडहिंग्लजहून तात्यांकडं राहायला आलेली. तिचा फॉर्म भरायला बसले आणि अडले. घरात कर भरणारा माणूस असला तर पैसे मिळत नाहीत. दुसरा कोणी ती ओळ गुपचूप सोडून गेला असता. तात्यांनी गवंडी बोलावला! मधलं दार विटांनी बुजवलं, मागच्या खोलीला बोळातून दार पाडलं. रेशनकार्ड वेगळं, गॅस वेगळा. घर वेगळं म्हणजे वेगळंच, म्हणून तिच्या हातचा चहासुद्धा बंद. स्वतः करपलेला भात खाऊ लागले.

मी चिडलो. "अहो तात्या, डोकं फिरलंय काय? तेवढे पैसे तुम्हीच द्या की तिला!"

"मी दिलं तर ते मागितल्यागत हुतंय," ते म्हणाले. "आधी बापापुढं, मग नवऱ्यापुढं हात पसरला तिनं. आता माझ्यापुढं? तिचं तिला असाय पाहिजे की एकदा."

असला माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

भाऊबीजेला तात्या इस्त्रीचा सदरा, टोपी घालून निघाले आणि घराला वळसा मारून मागच्या दारावर थाप मारली.

"कोण हाय?"

"पावणं! भाऊबीजेला बहिणीकडं जेवणं नियमात बसतंय."

मलाही आत ओढलं. सुमाक्कानं ओवाळलं. तात्यांनी ताटात ओवाळणी टाकली, तर तिनं त्यांच्या हातात खात्यावर आलेल्या स्वतःच्या पैशातनं घेतलेलं सदऱ्याचं कापड ठेवलं.

"दादा, ह्याच्यावर कर बसतोय काय?"

तात्या कापडावरनं हात फिरवत राहिले. "सख्ख्या बहिणीनं दिल्यालं..." म्हणाले, "न्हाय बसत." आणि टोपी काढून डोळे पुसले.

पोटभर जेवले. तीनदा रस्सा मागून घेतला. मग कापड काखेत मारून उठले आणि सवयीनं जुन्या दाराकडंच गेले. समोर भिंत. तिच्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"दादा," सुमाक्का हळूच म्हणाली, "वाट बोळातनं हाय."

"ठाव हाय की," तात्या म्हणाले, पण हात काही काढला नाही.