म्हाकूतात्यांची मेंढरं कुठं बसली

कादंबरी लिहायचं सॉफ्टवेअर घ्यायला निघालेला माणूस आधी किंमत विचारतो. आमचे म्हाकूतात्या विचारतात, "कंपनी मला किती पायली देनार?"

हा विनोद नाही. तात्या वरकुट्याचे. आज त्यांचा ऊस आहे, ठिबक आहे, मोटारसायकल आहे. पण वडिलांच्या काळी घरची मेंढरं होती आणि दिवाळीनंतर सगळं घर कळपामागं कोकणाकडं चालू लागायचं. वाटेतले शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. कळप रातभर बसला की रानाला लेंडीखत मिळे, आणि त्या बदल्यात शेतकरी मेंढक्याला पायलीनं मोजून धान्य देई. तात्यांचा हिशेब या रीतीवर बेतलेला. "माझी गोष्ट बसनार त्येंच्या रानात. खत पडनार त्येंच्या रानात. मंग धान्य कुनी द्यायचं?"

 

आता तात्या माझ्याकडंच का आले, ते सांगायला हवं. बारामतीत स्टँडच्या मागं माझं डीटीपीचं दुकान आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स, पण मनानं मी कादंबरीकार. माझी कादंबरी पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत नीट लावून ठेवलेली आहे. पात्रांना रंग दिलेत, प्रसंगांची कार्डं केलीत, नायिकेच्या आजोळाचा नकाशासुद्धा काढलाय. फक्त ती लिहिलेली नाही. तरी पंचक्रोशीत माझी कीर्ती अशी, की पुस्तक कुठं लिहावं हे विचारायचं तर यालाच. पुस्तक कसं लिहावं हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

तात्या दुकानात शिरले ते रुमालानं तोंड पुशीतच. "लेखकराव, गोष्ट बसवायचीया. रान दावा."

गोष्ट म्हणजे त्या कळपाची, त्या वाटेची. पण ती अर्धीच तात्यांकडं होती. उरलेली अर्धी त्यांच्या थोरल्या बहिणीकडं, डाळजच्या हौसाक्काकडं. "मी बारका. घोडीवर सामानात झोपायचो. ती चालायची. म्हनून वाट तिलाच ठावं." सकाळी धारा काढून झाल्या की बहीणभावाचा रोजचा फोन असायचा. यंदा अक्काला ऐकू येईनासं झालं आणि फोन संपला. "मी बोंबलतोय, सारं वरकुटं ऐकतंय, ती सोडून! कानात मशीन घाल म्हनलं तर म्हनती, किडा वळवळतोय." मग म्हणाले, "ती हाय तवर तिच्याकडचं आलं तर पुस्तक हुईल. न्हायतर निम्म्या वाटंत मी झोपलेलाच."

मी पेटलो! असं गिऱ्हाईक दुकानाला लागलंच नव्हतं. पत्रिका बाजूला सारल्या आणि तात्यांच्या दर खेपेला एकेक सॉफ्टवेअर उघडायला लागलो.

'मोफत चाचणी' हा प्रकार तात्यांना फार आवडला. "मुदतीपुरतं बसायचं, मुदत सरली की तळ उठवायचा. ही तर आमचीच रीत की!"

पहिलं रान कार्डांचं. भिंतीवर चिठ्ठ्या टोचाव्यात तशी पडद्यावर कार्डं. तात्यांनी एकेका कार्डावर एकेका मुक्कामाचं गाव लिहिलं. रंग बघून तर ते हरखलेच. "मेंढराच्या पाठीवर रंगाची खून करत्यात तशी केलीया!" मी टाळी वाजवली. आता पहिलं वाक्य येणार, एवढ्यात तात्यांनी विचारलं, "आन् अक्का कुठनं शिरनार ह्यात?"

म्हटलं, तात्या, हे एका माणसाचं, एका मशीनवर चालतं.

"मंग उठवा तळ."

दुसऱ्यात कादंबरीला झाडासारख्या फांद्या फुटायच्या. त्यातही अक्काला जागा नव्हती. तळ उठला.

तिसऱ्यात मी घात केला. ते सॉफ्टवेअर लेखकाला शिस्त लावायचं. ठरवलेले शब्द पुरे होईपर्यंत कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडूच द्यायचं नाही. आकडा मी टाकला, हजार. मी स्वतः आयुष्यात एका बैठकीत शंभराच्या पुढं गेलेलो नाही, पण दुसऱ्याच्या कादंबरीला हात सढळ असतो. बटण दाबलं आणि त्याच क्षणी इंदापूरचे एक वरपिता दुकानात शिरले. पत्रिका तयार हवी होती, छापखाना बंद व्हायला आला होता, बाहेर जीप उभी. आणि पत्रिका त्याच कॉम्प्युटरात!

"बंद करा की त्ये," वरपिता म्हणाले.

"होत नाही."

"म्हंजी?"

"हजार शब्द लिहिल्याशिवाय सोडत नाही."

वरपिता तात्यांकडं बघायला लागले. तात्या शांतपणे म्हणाले, "लिवा, लेखकराव. मेंढरू, मेंढरू, मेंढरू, कोकरू, मेंढरू..." मी बडवत सुटलो. मेंढरं संपेनात आणि शब्द पुरे होईनात. शेवटी वरपिताच खुर्ची ओढून बसले. "माझी भावकी लिवा. ती मोठी हाय." मग समस्त भावकी, सगळे मामा, सगळे साडू आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' हेसुद्धा त्या कादंबरीत गेलं. हजार भरले तेव्हा पडद्यावर 'शाब्बास' आलं आणि फुगे उडाले.

"ह्या रानाचा मालक चांगला न्हाय," तात्या म्हणाले. "मेंढरं कोंडून घेतोय."

तरी पायलीची मागणी त्यांनी सोडली नाही. मला बसवून त्या कंपनीला मेल लिहायला लावली. आम्ही येवढे दिवस तुमच्या रानात बसलो, रीतीप्रमाणं काय ते द्या. उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. तात्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. "मौल्यवान म्हनतोय म्हंजी नियत हाय. सुगी झाली की दील."

चौथं-पाचवंही एकट्या माणसाचंच निघालं आणि माझ्या पोतडीतलं सगळं संपलं. उरलं होतं ते दाखवायची मला लाज वाटत होती. साधी फुकटातली सामायिक फाईल, पत्रिकेचा मजकूर गिऱ्हाइकाकडून तपासून घ्यायला मी वापरतो ती. त्यात ना कार्डं, ना फांद्या. कोरं पान, दोघांनी आपापल्या घरून उघडायचं.

"ती लिवाय लागली की मला दिसंल?" तात्यांनी विचारलं.

"लिहितालिहिताच दिसेल. अक्षरन् अक्षर."

"आन् नुसती आली, काय लिवलं न्हाय, तर?"

"तरी कळतं. वर नाव येतं, पानावर त्यांची रेघ लुकलुकते."

तात्या उभेच राहिले. "मंग इतकं दिस मला रानोमाळ का हिंडवलं? वढा शटर! चला डाळजला!"

हौसाक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघताच ती, बहिरी माणसं बोलतात तशी, आभाळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्यो कोन आनलायस? डाक्टर असंल तर मशीन घालनार न्हाय मी!"

सुनेनं टॅबलेट आणून दिला. मी पान उघडलं. तात्यांनी आपल्या मोबाईलवर एका बोटानं टाइप केलं, 'मी म्हाकू.' अक्कानं चष्मा सावरून वाचलं आणि कडाडली, "म्हाक्या, म्होरंच बसलायस की! मला काय डोळं न्हाईत व्हय?"

पण टॅबलेट तिनं सुनेला परत दिला नाही.

पुढच्याच आठवड्यात तात्यांचा फोन आला. "या, पुस्तक बघा." मी वरकुट्याला गेलो. ओसरीवर लॅपटॉप मांडून तात्या बसले होते आणि घाटातली गोष्ट सांगायच्या भरात होते. "आमचा कुत्रा वाघ्या! काळा कुळकुळीत. लांडगा आला तसा ह्यो गडी त्येच्या नरड्यावरच पडला!" सांगता सांगता ते वळले आणि टाइप केलं, 'आमचा कुत्रा पांढरा होता. नाव मोत्या. लांडगा बघून पळाला.'

"अहो तात्या, आत्ता तर तुम्ही काळा म्हणालात..."

"गप बसा, लेखकराव."

मी पान वर सरकवलं. सगळीकडं हेच. तात्यांचं एक चुकीचं वाक्य आणि त्याखाली अक्काचा भला मोठा परिच्छेद. तसं न्हवतं रं येड्या, असं होतं. घोडी त्या गावात न्हाय, ह्या गावात व्याली. ती बाई भाकरी द्यायची, तू रडायचास. सुनेकडून टायपिंग शिकून अक्कानं पानंच्या पानं भरली होती. माझ्या पाच सॉफ्टवेअरांत मिळून जेवढं नाही, तेवढं.

इतक्यात वर नाव उमटलं. हौसा. पानावर रेघ लुकलुकली आणि अक्षरं फुटायला लागली. 'म्हाक्या तुझं डोस्कं फिरलंय का. मोत्या कोन? वाघ्या होता वाघ्या. काळा. आयनं त्याला दूध पाजून वाढीवला...'

तात्या अक्षरन् अक्षर वाचत होते, ओठ हलवत. मी हळूच म्हटलं, "वाघ्याचं तर तुम्हाला ठाऊक आहे."

"बरोबर लिवलं," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "तर ती 'बरं' म्हनंल, आन् जाईल."

अक्काचा परिच्छेद संपला. रेघ जागच्या जागी लुकलुकत राहिली. तात्यांनी घाईनं बोट उचललं, पुढच्या वाक्यात आपल्या सख्ख्या आईचं माहेर बदलून टाकलं, आणि वाट बघत बसले.